रविवारचं वाचन

मार्गदर्शक बाईंनी तिसऱ्या प्रकरणाच्या कागदांची क्लिप काढली, पहिलं पान पालथं ठेवलं आणि आपला लॅपटॉप तिच्याकडे वळवला. पडद्यावर तिचाच ब्लॉग होता. खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत बुडवलेल्या सळ्या कशा गंजतात, याचा अभ्यास ती पाच वर्षं करत होती. ब्लॉगवर मात्र घरमालकिणीची कुरकूर होती, प्रयोगशाळेच्या दारात ठाण मांडून बसणारी मांजर होती.

“छान लिहितेस,” बाई म्हणाल्या. “सगळं वाचलं मी, म्हणूनच सांगतेय. प्रबंधात असं एक वाक्य नाही. दोन डगरींवर पाय ठेवून किती दिवस चालणार?”

“रविवारी दोन तास जातात फक्त.”

“आणि सोमवार ते शनिवार डोक्यात तेच असतं. खरं की नाही?”

खरं होतं. तिने कागद गोळा केले आणि जिन्यात येऊन दादाला फोन लावला.

“प्रबंध देईपर्यंत ब्लॉग बंद ठेवतेय. आईला तू सांगशील?”

“सांगतो की.”

“तिला वाईट वाटेल.”

“तू तुझं बघ. इकडचं मी बघतो.”

आईला स्वतः सांगायला तिचा जीव होत नव्हता. आईने जन्मभर शाळेत भाषा शिकवली, आणि निवृत्तीनंतर दोनच वर्षांत तिची नजर गेली. लेकीने घर सोडल्यापासून रविवारी दुपारी जेवणं आटोपली की दादा मोबाइल घेऊन आईसमोर बसायचा आणि ब्लॉग वाचून दाखवायचा. दादा एका दवाखान्यात वायरमन होता. आईच्याच वर्गात तो दोनदा नापास झाला होता. निबंधाच्या पेपराला त्याने कोरी पानं दिली होती, आणि पुढे रजेच्या अर्जापलीकडे कधी काही लिहिलं नव्हतं.

नऊ महिने गेले. फोनवर आई औषधांचं बोलायची, हवेचं बोलायची. ब्लॉगचा विषय तिने एकदाही काढला नाही. आईने समजून घेतलं, असं लेकीने ठरवून टाकलं. तसं ठरवणं सोयीचं होतं.

एका रविवारी सकाळी ती चौथ्या टाकीची नोंद घेत होती, तेव्हा दादाचा फोन आला. आई झोपेतच गेली होती.

ती पोचली, सगळं उरकलं. भेटायला येणारी माणसं हळूहळू कमी झाली. पाचव्या दिवशी आईच्या खाटेजवळचं कपाट आवरताना तिला एक जाड वही सापडली. आत दादाचं अक्षर होतं. प्रत्येक पानावर रविवारची तारीख होती आणि मजकूर ‘मी’पासून सुरू होत होता. ‘मी आज प्रयोगशाळेत गेले तर फ्यूज उडालेला. मी टेस्टर लावून बघितलं.’ पुढच्या आठवड्यात बोर्ड जळाला होता. त्यापुढच्या आठवड्यात मांजर वायरीत अडकली होती आणि वहीतल्या ‘मी’ने ती सोडवली होती. अशा अडतीस रविवारांचं लिहून झालं होतं. एकोणचाळिसावं पान अर्धं होतं.

दादा कामावर निघाला होता. तिच्या हातात वही बघून तो बूट घालता घालता थांबला.

“पहिल्या रविवारी सांगणारच होतो,” तो म्हणाला. “पण ती आधीच खुर्ची ओढून बसलेली. ‘वाच’ म्हणाली. मग फ्यूज-वायरींचं सुचेल ते वाचल्यासारखं केलं. पण मध्येच अडखळायचो, म्हणून पुढच्या वेळेपासून आधी लिहून ठेवायला लागलो.” त्याने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. “शेवटपर्यंत फसवलं मी तिला. हे काही जात नाही मनातून.”

दुपारी खालच्या मजल्यावरच्या मावशी आल्या. रविवारी त्याही ऐकायला येऊन बसायच्या. टेबलावरची वही बघून त्या खाटेच्या कडेला टेकल्या.

“तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” त्या म्हणाल्या.

“काय कळलं होतं?”

“तो खाली गेल्यावर मला म्हणाली, ‘माझ्या लेकीला फ्यूजमधलं ओ की ठो कळत नाही. हे सगळं माझ्या लेकाचं आहे.’ महिन्याभराने मी म्हटलं, मग अजून बोलत का नाहीस? तर म्हणाली, ‘गप्प बस. वहीची सळसळ ऐकू येते मला. वर्गात ज्याच्याकडून मला चार ओळी लिहून घेता आल्या नाहीत, तो आता दर आठवड्याला पानभर लिहितोय. मला ऐकू दे.’”

तिने वहीवरून हात फिरवला.

“आणि माझ्याबद्दल?”

मावशींनी चादरीची सुरकुती सारखी केली. “एकदाच म्हणाली. ‘काम फार असेल तर असू दे. पण मला सांगायला तिनं का भ्यावं? मी काय तिला खाल्लं असतं?’”

मावशी गेल्यावर ती तिथेच बसून राहिली. मावशींना गप्प राहायला सांगणं अवघड नव्हतं. मग निदान दादापुरतं तरी, आपण लेकीचंच लिहिलेलं ऐकतोय असं आई शेवटपर्यंत मानत होती, असं राहिलं असतं. लेकीनेही ते हळूहळू खरं मानलं असतं.

संध्याकाळी दादा आला. त्याने हातपाय धुतले. तिने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला.

“आईला माहीत होतं दादा. पहिल्या दिवसापासून.”

तो कपाकडे बघत राहिला. “कोण म्हणालं?”

“मावशींना सांगितलं होतं तिनं.”

“मग मला थांबवलं का नाही?”

“तिला ऐकायचं होतं.”

“तुझं.”

“नाही. तुझं.”

दादाने तोंडावरून पंजा फिरवला आणि तो तसाच तोंडावर राहिला. त्याचे खांदे हलत होते. ती उठली नाही. त्याचा तेवढा वेळ त्याचा होता. चहावर साय धरली. मग त्याने बाहीने डोळे पुसले, आणि आता त्याच्या ध्यानात आलं.

“म्हणजे तू लिहीत नव्हतीस, हेही...”

“हो. तेही.”

त्याने काही समजूत घातली नाही. वही ओढून शेवटचं अर्धं पान उघडलं.

“हे शनिवारी लिहीत होतो. पुढे काही सुचेना.” त्याने खिशातून पेन काढलं. “खरं काय चाललं होतं तुझं, त्या शनिवारी?”

“काही नाही. संदर्भांच्या यादीतले स्वल्पविराम तपासत होते. दिवसभर.”

“मग?”

“संध्याकाळी आईला फोन करायचा होता. उद्या करू म्हटलं.”

दादाने पेनाचं टोपण काढलं आणि वही सरळ केली.

“सावकाश सांग,” तो म्हणाला. “मला भराभर लिहिता येत नाही.”