पुढच्या पायाची पिन

विमानतळावर तिला सगळे वहिनीच म्हणायचे. खरं तर ती एकाच माणसाची वहिनी होती, वैमानिक असलेल्या नणंदेची. पण नणंद हँगरच्या दारातून अशी खणखणीत हाक मारायची की पेट्रोल भरणाऱ्यापासून रेडिओवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. नणंदेचं घरातलं नाव बेबी. चाळिशीला टेकलेली, आडव्या वाऱ्यात विमान अलगद उतरवणारी बाई, आणि नाव बेबी!

वहिनी मेकॅनिक होती. हात चांगला, पण स्वभाव शंकेखोर. कुलूप लावून जिना उतरली की परत वर जाऊन कुलूप ओढून बघायची. गॅस बंद केला का, या शंकेने अर्ध्या वाटेवरून घरी फिरायची. नवरा म्हणायचा, “एक दिवस मलाही ओढून बघशील, नीट लागलोय का म्हणून.”

त्या दिवशी बेबीच्या छोट्या विमानाचा पुढचा पाय बसला होता. नाकाखालचं चाक ज्या जाड दांड्यावर असतं, तो मोटारसायकलच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरसारखाच असतो. आत तेल आणि वर दाबून भरलेला वायू. सील झिजलं, तेल पाझरलं आणि विमान खाली मान घालून उभं राहिलं. सकाळीच वहिनीने शेपटीवर वजन ठेवून नाक उचललं, दांड्यातला दाब सोडला, चाकाला सरळ धरून ठेवणारी कात्रीसारखी जोडणी सोडवली आणि आतला दांडा बाहेर काढला. नवी सीलं बसवली, ताजं तेल ओतलं, कात्री पुन्हा जोडून बोल्टवर नट आवळला. आता नटाच्या खाचेतून पिन घालायची आणि तिचे दोन्ही पाय वाकवायचे, म्हणजे नट कितीही हादरला तरी सुटत नाही.

नेमक्या त्याच वेळी सासूबाई हँगरमध्ये आल्या. लेक इतकी वर्षं विमान उडवत होती, पण त्यांनी आजवर विमानात पाय ठेवला नव्हता. आज कशा कोण जाणे, तयार झाल्या होत्या.

“अगं, माझा चष्मा पाहिलास का?”

“अहो आई, डोक्यावर आहे.”

“तिथे कधी गेला?” म्हणत त्यांनी चष्मा खाली ओढला. मग विमानात खिडकी उघडते का, वर थंडी वाजते का, पोटात ढवळलं तर काय करायचं, असे प्रश्न सुरू झाले. वहिनी उत्तरं देत होती आणि हात चालू होते. नंतर तिने नायट्रोजन भरला, नाक खाली टेकवलं आणि दांडा हवा तेवढा बाहेर आहे हे पाहिलं. काम दुसऱ्यांदा तपासणारा मेकॅनिक रजेवर होता. बेबीने विमानाभोवती चक्कर मारली, चाकाला बुटाने ढोसलं, आईला शेजारी बसवलं आणि दोघी उडाल्या.

वहिनी फडक्याला हात पुसत उभी होती. विमान झाडांच्या वर गेलं तसा तिचा हात फडक्यातच थांबला.

पिन घातली का?

नट आवळल्याचं तिला लख्ख आठवत होतं. नायट्रोजनची नळी लावल्याचंही आठवत होतं. मधे मात्र नुसता चष्मा होता. तिने टेबलावरची पिनांची डबी उघडली. डबीत पिनाच पिना. एक कमी झाली की नाही हे ब्रह्मदेवालासुद्धा कळलं नसतं. तिने लादी पाहिली, खिसे उलटे केले. काहीच नाही, आणि त्या काहीच नसण्याने काहीच सिद्ध होत नव्हतं.

पिन नसली तर नट हळूहळू सुटेल, बोल्ट सरकेल, कात्री उघडेल. मग चाक हवेत आडवं फिरेल आणि विमान टेकताच नाक जमिनीत रुतेल. आणि आत बेबी, आत सासूबाई.

ती रेडिओच्या खोलीकडे धावली. रेडिओवाल्याला सगळे पोपट म्हणायचे, कारण ऐकलेलं प्रत्येक वाक्य तो परत म्हणायचा. धंद्याची सवय.

“बेबीला सांग, पुढच्या चाकाची पिन राहिली असेल.”

“पिन राहिली असेल,” पोपट म्हणाला. मग मान तिरकी करून हसला. “वहिनी, गॅससारखंच ना हे?”

प्रश्न बरोबर होता. आजवरची प्रत्येक शंका खोटी निघाली होती. गॅस नेहमी बंदच असायचा. उगाच सांगितलं तर बेबी घाबरेल, आणि घाबरलेला हात चुकतो. नाही सांगितलं तर बेबी रोजच्यासारखी उतरेल. तिने पोपटासमोरचा माइक ओढून घेतला.

“बेबी, मी बोलतेय. पुढच्या पायाच्या कात्रीला पिन घातली की नाही, मला आठवत नाही.”

खरखरीतून बेबीचा आवाज आला.

“वहिनी, खात्री आहे?”

“खात्री नाही, म्हणूनच सांगतेय.”

“आईच्या कानाला हेडफोन आहे. सगळं ऐकतेय ती.”

वहिनीने डोळे मिटले. तेवढ्यात तिसराच आवाज आला, “तिला म्हणावं, आधी नीट श्वास घे. इथून ऐकू येतेय धाप.”

मग बेबीने एकदा धावपट्टीवरून अगदी खालून विमान नेलं. वहिनी दुर्बीण लावून उभी होती. चाक सरळ दिसलं, कात्रीही मिटलेली दिसली. पिन दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

“सरळ आहे,” ती माइकवर म्हणाली. “पण मागच्या चाकांवर उतर. नाक धरवेल तेवढं वर धर. ब्रेक मारू नकोस.”

“माहीत आहे गं,” बेबी तुटकपणे म्हणाली.

अग्निशमनाची गाडी धावपट्टीच्या कडेला जाऊन उभी राहिली. विमान आलं, मागची दोन चाकं टेकली. नाक वरच राहिलं, राहिलं, वेग ओसरत गेला आणि मग ते आपल्याच वजनाने खाली आलं. चाक एकदा थरथरलं. वहिनीच्या तोंडून आवाज फुटला. पण चाक सरळच धावत राहिलं, आणि विमान धावपट्टीच्या मध्यावर थांबलं.

पंखा थांबेपर्यंत कशीबशी कळ काढून ती धावत सुटली आणि नाकाखाली पाठीवर आडवी झाली.

पिन होती. दोन्ही पाय नीट वाकवलेले, तिच्याच पद्धतीने, एक वर आणि एक खाली. बोलता बोलता हातांनी काम उरकलं होतं आणि डोक्याला कळवलंच नव्हतं.

तिला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मेल्याहून मेल्यासारखं झालं. बेबीचे बूट शेजारी आले, मग गुडघे, मग चेहरा. बेबीने बोट घालून पिन ओढून पाहिली. तिच्या कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत आला होता.

“आहे,” वहिनी पुटपुटली.

“दिसतंय मला.” बेबी तिथेच धावपट्टीवर फतकल मारून बसली. “आई शेजारी बसलेली, आणि मी काय काय डोळ्यांसमोर आणत होते तुला सांगता येणार नाही.”

“चुकलंच माझं. सांगायलाच नको होतं.”

“वेडी आहेस का?” बेबी एकदम ओरडली. “पुढच्या वेळी शंका आली तरी सांगायचंस. पोपट हसू दे, सगळा गाव हसू दे. फक्त जरा उडायच्या आधी येऊ दे ना तुझी शंका!”

वहिनीला रडू की हसू कळेना. दोन्ही झालं.

वरून काचेवर टकटक झाली. सासूबाई पट्टा बांधून तशाच बसल्या होत्या.

“झालं का तुमचं? मला नदी बघायची होती. वळणापाशी पोचलो आणि परत फिरवलं.”

“आई, आज पुरे,” बेबी म्हणाली.

“का? पिन आहे ना?”

सासूबाईंनी मागच्या आसनाकडे बोट केलं. “हिलाही घ्या बरोबर. खाली ठेवली तर परत बोलावेल.”

विमान हँगरपाशी नेलं. बेबीने कात्रीचा एकेक बोल्ट स्वतः हात लावून तपासला आणि वहिनीला मोठ्याने बोलायला लावलं, हा पाहिला, हाही पाहिला. मगच त्या पुन्हा निघाल्या. वहिनी मागे बसली, दोन्ही हातांनी पुढचं आसन घट्ट धरून. धावपट्टीवर वेग वाढला तसं पायाखालचं चाक गुरगुरायला लागलं. ती त्या आवाजातली प्रत्येक खरखर कान देऊन ऐकत होती, आणि सासूबाई मान मागे वळवून विचारत होत्या, “अगं, पण वर थंडी वाजते का, ते तू सांगितलंच नाहीस.”