पिंडीचा साचा

श्रावणभर रोज सकाळी मातीची पिंडी करून पुजायची, संध्याकाळी विसर्जन करायचं, आणि पूजा होईस्तोवर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असं माझं व्रत. आमच्या कोहका गावच्या तळ्याची माती फार चिकट; माझी पिंडी नेहमी एका अंगाला कलते. शंकराने कधी तक्रार केली नाही. केली ती आमच्या ह्यांनी. हे पोलादाच्या प्लांटात पॅटर्न शॉपला. लोखंडाच्या ओतकामासाठी लाकडी साचे करतात. एका रविवारी सकाळी त्यांनी सागवानी साचा माझ्या पुढ्यात ठेवला.

"घे. आता साऱ्या पिंड्या एकसारख्या."

किती मायेने घासला होता! पण पिंडी हाताने घडवायची, असा माझा नेम. साचा वापरला तर व्रत मोडतं, नाही वापरला तर ह्यांचं मन. घसा कोरडा पडलेला, आणि मी तशीच बसून.

शेवटी निवाडा करायला ह्यांनी शेजारच्या नरहरीभाऊजींना हाक मारली. ते ड्यूटी सांभाळून तत्त्वज्ञानात एम.ए. करत होते.

"वहिनी, ग्रीक देशात प्लेटो होता. तो म्हणे, खरी पिंडी वरतीच, कधी न बदलणारी. खाली आपण करतो त्या नुसत्या नकला."

"मंग साचा तरी खरा का?" ह्यांनी विचारलं.

"साचाही नक्कलच."

"अबे, सागवानाचा हाय!"

"पुढं त्यानंच सोताची खोट काढली. ही पिंडी अन् वरची पिंडी एकसारख्या, तर त्या दोघींसाठी अजून एक वरची लागन. मंग तिच्यासाठी अजून एक."

"म्हणजे आधीचं सोडलं त्यानं?"

"तेच तर समजून नाही राहिलं! कोणी म्हणते सोडलं, कोणी म्हणते आखरीपर्यंत धरून होता. पेपरात हाच प्रश्न येते."

"भाऊजी, मले तहान लागली," मी हळूच म्हटलं.

कोणी ऐकलं नाही. महादेवाचं नाव घेऊन मी साच्यात माती दाबली. पिंडी निघाली सुरेख, पण ताम्हणात मावेना.

"अजी, एवढी मोठी कावून झाली?"

हे ओशाळले. "सवयीनं झालं वं. लोखंड थंडं झालं का आकसते, म्हणून साचा मोठाच ठेवतो आमी."

"म्हणजे साचा वस्तूसारखा नसतेच! मंग अजून एक वरची लागतच नाही!" भाऊजी ताडकन उठले आणि लिहून ठेवायला चपला विसरून घरी पळाले.

मी ओल्या हाताने पिंडी चहूबाजूंनी खरवडून लहान केली, पुन्हा घडवली. ताम्हणात बसली; जराशी कललीच. बेल वाहिला, आरती केली आणि गटागटा पाणी प्याले.

हे साचा उलटापालटा करून बघत होते. "उद्या बराबर मापाचा करून देतो."

"नोका करू जी," मी म्हटलं. "मोठाच राहू द्या. माह्या हाताले काहीतरी काम पाहिजे."