परवानगी एकाच जिवाची

विमानतळाच्या मालगोदामात यंत्राचे सुटे भाग म्हणून आलेल्या एका लाकडी खोक्याला कुबट वास येत होता. कस्टमच्या साहेबांनी ते तिथेच फोडायला लावलं. या साहेबांना सगळे ‘घार’ म्हणत. त्यांच्या नजरेतून टाचणी सुटत नसे. आत जाळीच्या पिशव्यांमध्ये खवले मांजरं कोंबलेली होती. अंगाचा चेंडू करून बसलेली, आणि एक सोडून सगळी मेलेली.

जिवंत राहिलेली मादी शेजारच्या तपासणी केंद्रात डॉक्टरीणबाईंकडे आली. परदेशातून येणारे घोडे, कुत्री, गुरं तपासणं हे बाईंचं रोजचं काम. खवले मांजर त्यांनी जन्मात हाताळलं नव्हतं. अंडं, खिमा, वाळवलेले किडे, सगळं तिच्या पुढ्यात ठेवून झालं. ती ढुंकून बघेना. तिला हव्या होत्या जिवंत मुंग्या.

मग बाईंचं घरच कामाला लागलं. नवरा शिडी घेऊन बागेतल्या झाडांवरची, पानं जोडून केलेली मुंग्यांची घरटी काढायचा आणि मान चोळत घरी यायचा. सासूबाई घरट्यांचे डबे सांभाळत.

“लोकांच्या घरी मुंग्या होऊ नयेत म्हणून डब्यांची झाकणं घट्ट लावतात,” त्या म्हणाल्या, “आमच्याकडे मुंग्या पळू नयेत म्हणून लावतात. कसं व्हायचं या घराचं!”

पण सकाळी पहिला डबा सुनेच्या हातात त्याच देत.

हळूहळू ती मादी बाईंचा वास ओळखायला लागली. बाईंनी हात पुढे केला की चेंडू सैल व्हायचा, लांबलचक जीभ बाहेर यायची आणि त्यांच्या मनगटावर चढलेल्या मुंग्या टिपायची. तरी अंगावर मांस धरेना. तिला तिचं रान हवं होतं, आणि ते समुद्रापलीकडे होतं. इथल्या जंगलात परदेशी प्राणी सोडता येत नाही. परत पाठवायचं तर दोन्ही देशांनी मान्य केलेल्या करारानुसार दोघांचीही परवानगी लागते. हा करार सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीतल्या मॅडम त्यासाठी रोज कुणाकुणाशी फोनवर भांडत होत्या. अखेर परवानगी आली. विमानात जागाही मिळाली. पलीकडे राखीव जंगलातली माणसं वाट बघत होती.

विमान दोन दिवसांवर आलं आणि ती व्याली.

बाई सकाळी आल्या तर तिच्या पोटाशी तळहाताएवढं फिकट गुलाबी पिल्लू. खवले अजून मऊ. बाईंना आनंद व्हायच्या आधी परवानगीचा कागद आठवला. त्यांनी मॅडमना फोन लावला.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, “परवानगी एकाच प्राण्याची आहे हो.”

“अहो, पण ते तिचंच पिल्लू आहे! सुटकेस आहे का ते मागं ठेवायला?”

“कळतंय मला. पण एकाच्या नावावर दोन नेता आले, तर उद्या सगळे चोर तेच करतील. नियम त्यांच्यासाठीच केलाय. पिल्लाची परवानगी मी आजच मागते. वेळ लागेल.”

“आईला तेवढा वेळ नाही.”

“मग आईला पाठवा,” मॅडम म्हणाल्या.

विमानाच्या दिवशी बाईंनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. पिल्लासकट मादीला पेटीत ठेवलं. आईने लगेच पिल्लाला पोटाशी घेऊन अंग गुंडाळलं. वरून बघणाऱ्याला नुसता खवल्यांचा गोळा दिसला असता.

गोदामाच्या दारात घारसाहेबांनी झाकण उचललं. टॉर्च मारला. एका फटीतून गुलाबी शेपटीचं टोक डोकावत होतं.

“तुम्ही बघितलंच नाही असं समजा ना,” बाई हळूच म्हणाल्या.

“बाई, हे वाक्य मी आजवर चोरांच्या तोंडून ऐकलंय.” ते रागावले नव्हते. पेटीशेजारी उकिडवे बसले. “समजा, मी सोडलं. तिकडच्या विमानतळावरही कुणीतरी घार असेलच ना? त्याला पिल्लू दिसलं तर तो दोघांनाही जप्त करील. परत गोदाम, परत पिंजरा. ही तग धरेल?”

ती तग धरणार नव्हती, हे बाईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

गुंडाळलेलं खवले मांजर जोर लावून उघडत नाही. उघडायचा एकच मार्ग होता. बाईंनी सोबत आणलेल्या मुंग्यांच्या डब्यात हात घातला आणि तो पेटीत धरला. ओळखीचा वास आला तसा चेंडू सैल झाला, जीभ मनगटावर फिरली. बाईंनी दुसऱ्या हाताने पिल्लू काढून घेतलं. मादीने जीभ आत घेतली, पोटाखाली हुंगलं, मग पेटीचे कोपरे हुंगले. पुन्हा पोटाखाली. झाकण लावल्यावरही नखांचा आवाज येत राहिला. घारसाहेब पाठ करून उभे होते.

पिल्लू घरी आलं. सासूबाईंनी त्याला पदराखाली घेतलं, ड्रॉपरने दूध पाजलं, “पी रे राजा, पी” म्हणत तासन् तास बसून राहिल्या. ते प्यायचं, आणि नाकातून बाहेर टाकायचं. मग छातीत घरघर सुरू झाली. बाईंनी माहीत होती ती सगळी औषधं दिली, नव्हती माहीत ती दूरच्या डॉक्टरांना विचारून दिली. एका दुपारी सासूबाईंनी हाक मारली तेव्हा ते त्यांच्या मांडीवर गार पडलेलं होतं.

पिल्लाची परवानगी नंतर आली. मॅडमनी उत्साहाने फोन केला, तेव्हा बाईंनी त्यांना बातमी सांगितली. मॅडम म्हणाल्या, “आई तरी पोचली. रानात सोडलीय, मुंग्या खातेय म्हणे. फोटो पाठवू?”

“पाठवा,” बाई म्हणाल्या.

फोटो आला. झाडाच्या बुंध्याशी ती पाठमोरी चालली होती, शेपूट जमिनीला टेकवून. नवऱ्याने बघितला, सासूबाईंनी चष्मा लावून बघितला. “बारीक झालीय गं,” एवढंच त्या बोलल्या आणि रिकामे डबे धुवायला घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी गोदामातून निरोप आला. नळ्यांमध्ये भरलेले पोपट सापडले होते, काही अजून हलत होते. बाईंनी हातमोजे चढवले आणि त्या निघाल्या.