सात नंबरची कॉपी

संगणकाचे सर शाळेत येऊन चार वर्षं झाली होती, पण नोकरी कराराची. दर वर्षी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सही केली की पुढचं वर्ष पक्कं. शाळेत कॉम्प्युटर शंभरावर आणि ते बघणारे हे एकटेच. शेवटी त्यांनी आठवी-नववीतली सहा मुलं निवडून मदत पथक तयार केलं. कुठे प्रोजेक्टर रुसला, कुठे प्रिंटर कागद गिळून बसला, की या मुलांनी धावायचं.

शिकवायचे मात्र जीव ओतून. "आधी विचारायचं, मग हात लावायचा. नुसता प्लग निघालेला असला तरी शिक्षकांसमोर हसायचं नाही. बाहेर येऊन पोटभर हसा. आणि काहीही पुसायच्या आधी कॉपी. ती उघडून डोळ्यांनी बघायची, मगच वहीत टिक."

पथकात नववीतली एक मुलगी होती. मशीनच्या पोटात पडलेला स्क्रू ती नुसत्या बोटांनी अलगद काढायची, म्हणून सगळे तिला चिमटी म्हणत. सरांनी एकदा सांगितलेलं तिला पुन्हा सांगावं लागत नसे.

सोमवारी तपासणी होती. त्याआधी स्टाफरूममधल्या नऊ जुन्या मशीनमधलं सगळं पुसून ती लहान वर्गांना द्यायची होती. शुक्रवारी दुपारी सर तपासणीचे फॉर्म भरत बसले होते आणि सारखे घड्याळाकडे बघत होते.

"सर, सात नंबरची कॉपी उघडून बघायची राहिलीय," चिमटी म्हणाली.

"बघितली मी. पुढे चल."

"नक्की ना, सर?"

"अगं हो, कर तू!"

त्यांनी बघितली नव्हती. तिने वहीत टिक केली आणि मशीन पुसलं.

मंगळवारी गाण्याच्या बाई आल्या. सात नंबर त्यांचा. त्यात शाळेच्या गायनवृंदाची अकरा वर्षांची रेकॉर्डिंग होती. कॉपी करताना डिस्क मध्येच भरली होती आणि गाण्यांचं फोल्डर उतरलंच नव्हतं. सर दोन दिवस खटपट करत राहिले. हाती लागले ते चार-पाच सेकंदांचे तुकडे, त्यातही निम्मी खरखर. बाईंनी ते हेडफोन लावून ऐकले आणि तो काढून टेबलावर ठेवून दिला.

मोठ्या बाईंनी वही मागवली आणि सर-चिमटी दोघांना खोलीत बोलावलं. टिकेपुढचं अक्षर चिमटीचं होतं.

"कॉपी तू उघडून बघितली होतीस?"

चिमटीने सरांकडे पाहिलं. सरांची नजर टेबलावर खिळली होती. तिथे त्यांच्याच कराराचा कागद सहीसाठी पडला होता. बोलावं, आत्ता बोलावं, असं त्यांना वाटत राहिलं.

"नाही," चिमटी म्हणाली.

खोटं काहीच नव्हतं त्यात. तिने खरंच बघितली नव्हती. सरांचं नाव तिने घेतलं नाही.

तिला पथकातून काढलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना बोलावलं. ते ट्रकवर चालक होते, गाडी वाटेत उभी करून आले होते. मोठ्या बाईंची माफी मागून झाल्यावर ते दाराशी सरांपाशी थांबले. "तुम्ही पोरीला एवढं शिकवलंत आणि तिने तुमचंच नाव घालवलं. रागावू नका, सर."

सर "नाही, नाही" एवढंच म्हणाले.

घरी बायकोला त्यांनी सगळं सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "सही झाली का?"

"झाली."

"मग आता तरी सांगा."

आणखी आठ दिवस गेले. शेवटी ते मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढला. "हे तेव्हा का नाही बोललात? आता वर पत्र गेलंय, पालकांना समज दिलीय. प्रकरण मिटलंय, सर. पुन्हा उकरून काढू नका."

गाण्याच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "गाणी गेली ती गेली," त्या म्हणाल्या. "पण त्या पोरीला सगळ्या वर्गासमोर मी काय काय बोलले, माहितीये तुम्हाला?"

चिमटी जिन्यात भेटली. सर दोन पायऱ्या खाली थांबले. "चूक माझी होती. मी सांगितलंय सगळ्यांना. पथकात परत ये."

"असू दे, सर."

"असू दे कसं? ये तू."

"नको. आईने सांगितलंय, मशीनला हात लावायचा नाही." ती भिंतीला लागून त्यांच्या बाजूने उतरून गेली.

महिन्याभराने नववीच्या वर्गात प्रोजेक्टर निळा पडला. पथकातल्या दोघांनी केबल काढून-घालून पाहिल्या. जमेना, म्हणून त्यांनी सरांना बोलावलं. सरांनीही उगाच बटणं दाबून पाहिली. मग सवयीने वर्गाकडे वळून विचारलं, "काय झालं असेल, सांगा बरं?"

दोन-चार माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. चिमटीने वही उघडली आणि फळ्यावर आधीच लिहिलेला मजकूर उतरवायला घेतला. सर टेबलावर चढून प्रोजेक्टरपाशी खाटखूट करत राहिले. तास संपेपर्यंत पडदा निळाच होता.