ठिपक्याचा पैसा

चावीवाल्या काकांचा कुलपांवर काडीचाही विश्वास नव्हता. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची कुलपं उघडून दिली, किल्ल्या घासून दिल्या आणि घरी येऊन एकच सांगितलं, "कुलूप म्हणजे चोराला आवतण. इथे काहीतरी आहे, असं ते ओरडून सांगतं." म्हणून त्यांनी आपला सगळ्यात किमती जुना पैसा कपाटात ठेवलाच नाही. तसल्याच तांब्याच्या अकरा हजार पैशांत तो टाकून दिला आणि रंगाचे रिकामे नऊ डबे भरून पलंगाखाली सरकवले. चोर आला तर डोक्याला हात लावून बसेल, असा त्यांचा बेत होता. पुढे आपणच विसरायला लागू, हे मात्र त्यांनी धरलं नव्हतं.

चोर काही आला नाही. डोक्याला हात लावून काकू बसल्या.

दोन वर्षांपासून काका विसरत चालले होते. आधी वार गेले, मग मुलाचं नाव गेलं. महिनाभरापासून तर ते कधी कधी काकूंकडेच बघून अदबीने विचारत, "आपल्याला कोण हवंय?" पहिल्यांदा काकूंना हसू आलं. दुसऱ्यांदा त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. मुलगा दूर राहायचा, त्याने फोनवर सांगितलं, "आई, तुला एकटीला झेपणार नाही. महिनाअखेर बाबांना संस्थेत ठेवू." दिवसभरासाठी बाई ठेवली तर झेपेल, हे काकूंना पक्कं माहीत होतं, पण बाईला द्यायचं काय? तेव्हा त्यांना काकांचं जुनं पालुपद आठवलं. "तो ठिपक्याचा पैसा आपलं म्हातारपण काढेल गं." आता ते काढायची वेळ आली होती.

त्यांनी जुनी नाणी विकत घेणाऱ्या नाणेवाल्याला बोलावलं. तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याने दोन डबे उपसून पाहिले आणि सरळच सांगितलं, "काकू, हे सगळे झिजलेले. किलोवर घेईन. पण एका सालचे थोडेच पैसे टाकसाळीतून सालाखाली बारीक ठिपका घेऊन निघालेत. त्यातला एक जरी मिळाला, तर गोष्टच वेगळी." त्याने आकडा सांगितला. काकूंनी मनात बाईचा पगार लावून पाहिला. तीन वर्षं निघत होती.

मग तीन आठवडे काकू जेवणाच्या टेबलावर पैसे ओतून भिंग घेऊन बसल्या. त्या सालचे तेवढे वेगळे काढले, ते साडेचारशे भरले. चौथ्या दिवशी ठिपका सापडला. काकूंनी तो पैसा साखरेच्या बरणीमागे ठेवला आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोपल्या. पाचव्या दिवशी दुसरा सापडला. सहाव्या दिवशी एकदम चार. बरणीमागे तेवीस पैसे जमले तेव्हा काकूंना काही सुधरेना. आपण श्रीमंत झालो की आपलंही डोकं फिरलं, हेच त्यांना ठरवता येईना.

आज नाणेवाला काटा घेऊन आला होता. त्याने तेवीसही पैसे एकेक करून उजेडाला धरले आणि गालातल्या गालात हसला.

"काकू, हे टोकदार खिळ्याने ठोकलेत. ठिपके खोल गेलेत. खऱ्याचा ठिपका वर आलेला असतो."

"ठोकले कोणी?"

दोघांनीही खुर्चीतल्या काकांकडे पाहिलं. काका खूश दिसत होते.

"चोराला कळता कामा नये," ते म्हणाले.

"अहो, पण मलाही कळलं नाही ना," काकू म्हणाल्या. त्यांना राग आला होता आणि राग नेमका कोणावर काढावा, हे समजत नव्हतं. "मी साडेचारशे पैसे भिंगातून पाहिले. मग खरा कुठाय?"

"झिजला असेल," नाणेवाला म्हणाला. "डोळ्यांना दिसायचा नाही. बोटांना लागला तर लागेल."

बोटं म्हटल्यावर काकूंना सुचलं. त्यांनी त्या सालचे सगळे पैसे एका ताटात ओतले आणि ते काकांच्या मांडीवर ठेवलं. काकांनी आपसूक डोळे मिटले. किल्लीचे दाते तपासताना ते असेच मिटायचे. अंगठा पैशावरून फिरे आणि पैसा बाजूला पडे. पहिला, दुसरा, विसावा, पन्नासावा. नाव विसरलेला माणूस काम विसरला नव्हता. मध्येच अंगठा थबकला, मागे आला, पुन्हा फिरला. काकांनी मूठ मिटली.

"द्या इकडे," काकू म्हणाल्या.

काकांनी मूठ छातीशी नेली. "रागावू नका, बाई. हा माझ्या मिसेसचा आहे. ती बाहेर गेलीय. आली की तिच्याशी बोला."

"अहो, मीच तुमची मिसेस."

काका समजूतदारपणे हसले. "सगळे असंच म्हणतात."

नाणेवाल्याने घड्याळ पाहिलं. संध्याकाळी त्याला परगावी निघायचं होतं. काकांची नजर पलंगाखालच्या डब्यांकडे वळली होती. जरा पाठ फिरवली असती तर पैसा पुन्हा अकरा हजारांत गेला असता. मुठीवर जबरदस्ती करायची? काकूंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. नवऱ्याच्या डोळ्यांत आपण चोर, हे त्यांना सहन होईना. बरं, मिसेस बाहेर गेलीय म्हणतात, तर बोलावून आणायची कोणाला?

दाराकडे बघता बघता त्या थांबल्या. घरात एकच कुलूप होतं, दाराचं, काकांनी स्वतः घडवलेलं. काकूंच्या किल्लीला त्यांनी मुद्दाम एक दाता जास्त ठेवला होता, का तर कोण आलं ते बसल्या जागी कळायला हवं. मुलाची किल्ली एकदा वाजायची, काकूंची दोनदा. गेलं वर्षभर काकांना एकटं टाकून त्या कुठे गेल्याच नव्हत्या, त्यामुळे ती वाजलीच नव्हती.

"जरा लक्ष ठेवा," काकू नाणेवाल्याला म्हणाल्या. खुंटीवरची किल्ली घेऊन त्या बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं. जिन्यात उभं राहून त्यांनी उगाच केस सारखे केले. मग किल्ली घालून फिरवली.

खट्. खट्.

"आलीस?" आतून आवाज आला. "किती उशीर गं."

काकू आत गेल्या. काका त्याच खुर्चीत होते, पण चेहरा जुना होता. त्यांनी मूठ उघडली.

"घे. म्हातारपणाला होईल." मग आवाज बारीक करून ते म्हणाले, "मघाशी एक बाई आली होती. गोड बोलत होती, तुझंच नाव सांगत होती. मी नाही दिला."

काकूंनी पैसा नाणेवाल्याच्या तळहातावर ठेवला. त्या बाईची कीव करावी की तिचा राग धरावा, हे त्यांना कळेना.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या.