काळा किती काळा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर लालबागच्या एका चाळीत चला. गिरण्यांचा संप होऊन वीसेक वर्षं झाली आहेत. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत, गुणाजीआजोबांचा जीव गेला त्या जागी, तेलाचा दिवा जळतो आहे. कोणी रडत नाही. शेजारून पिठलं-भात येतो, जेवणं होतात, भांडी घासली जातात.

सुमेधा ही गुणाजींची नात, तुमच्याएवढीच. जीभ भाजली की कशालाच चव लागत नाही ना, तसं तिचं झालं होतं.

तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता. घरात आजोबांचा एकच फोटो सापडला. गिरणीच्या दारात उभे, पाठीमागे ऊन, त्यामुळे चेहरा काळा. रघुकाका परळच्या एका फोटो स्टुडिओत कामाला होता. त्याने फोटो तिथे स्कॅन करून आणला, घरच्या कॉम्प्युटरवर उघडला, उजळ करून पाहिला. चेहऱ्याच्या जागी डागच.

“मॉनिटर म्हातारा झालाय,” तो म्हणाला. “गडद रंगांतला फरक ह्याला दाखवता येत नसेल. चांगल्यावर चेहरा दिसेल.”

“नायतर दत्तारामाकडे आसा,” सुमेधाची जाईआजी भिंतीकडे बघत म्हणाली. “भजनी मंडळाचो फोटो. त्यात हे आसत.”

“त्याच्या दारात मी जाणार नाही,” रघुकाका म्हणाला.

दत्ताराम समोरच्या खोलीत राहायचा. संप चालू असताना तो कामावर गेला, आणि त्या दिवसापासून गुणाजी त्याच्याशी एक अक्षरही बोलले नव्हते. मॉनिटर खराब निघाला, तर रघुकाकाला त्याच्याकडे जावं लागणार नव्हतं.

मॉनिटरचा काळा किती काळा आहे ते मोजायला त्याने स्टुडिओतला कॅमेरा आणून पिठाच्या डब्यावर ठेवला. दार-खिडकी लावली. मॉनिटरचा पडदा पूर्ण पांढरा करून एक फोटो काढला, पूर्ण काळा करून दुसरा. दोन्ही सारखेच करडे आले.

“माणसाचो फोटो गावाक नाय, म्हणून पडद्याचो काढतंस?” आजी म्हणाली.

“कॅमेरा आपल्या मनाने उजेड सांभाळतो गं. थांब, आता वेळ मीच ठरवतो.”

कॅमेऱ्याची पापणी किती वेळ उघडी ठेवायची, ते हाताने ठरवता येतं. पांढऱ्याला सेकंदाचा दोनशेवा भाग पुरला. काळाही तितकाच उजळ यावा म्हणून काका वेळ वाढवत गेला. अर्ध्या सेकंदाला तो पांढऱ्याच्या बरोबरीला आला.

“म्हणजे पांढरा काळ्याच्या फक्त शंभर पट उजळ. चांगल्या मॉनिटरचा पाचशे पट तरी असतो,” काका म्हणाला. “बघितलंस सुमे? काळा काळाच नाही. मॉनिटर भंगारात.”

सुमेधा पडद्याकडे बघत होती. काळ्यात खाली एक पिवळा ठिपका हलत होता.

“काका, दिवा दिसतोय त्यात. त्याचाच उजेड आहे.”

काका दिव्याकडे वळला.

“दिवो विझवूचो नाय हां,” आजी म्हणाली. “दहाव्यापर्यंत.”

“विझवत नाही.” सुमेधाने गोधडी घेतली आणि दिवा नि पडदा यांच्या मध्ये, दिव्यापासून हातभर लांब, ती दोन्ही हातांनी ताणून धरून उभी राहिली. “आता काढ.”

काकाने काढला. काळोख. एक सेकंद दिला, दोन दिले. चार सेकंदांना कुठे काळा पांढऱ्याइतका उजळला.

“आठशे पट,” तो हळूच म्हणाला. “चांगला आहे मॉनिटर.”

म्हणजे चेहरा फोटोतच नव्हता. कोणत्याही पडद्यावर तो दिसणार नव्हता. काकाने कॅमेरा पिशवीत घातला, पिशवीची चेन लावली, परत उघडली, परत लावली. आजी भिंतीकडेच बघत होती.

सुमेधाने गोधडीची घडी घातली. दार उघडून ती गॅलरीत आली आणि सरळ समोरच्या खोलीपाशी गेली. सुतकात दुसऱ्याच्या घरात शिरत नाहीत, म्हणून ती उंबऱ्याबाहेरच थांबली आणि तिने कडी वाजवली.