चादरींखाली गेलेलं ऊन

मित्रांनो, मी सोलरची एक जुनी प्लेट आहे. पडेगावात, दौलताबादच्या रस्त्याला एक छोटं बाळंतपणाचं हॉस्पिटल आहे, त्याच्या गच्चीवर मी राहते. माझी एक कड टवकली आहे आणि स्वभाव जरा तापट आहे. मराठवाड्याच्या उन्हात दिवसभर उताणं पडून राहा, मग तुमचाही कसा होतो ते बघू!

माझा जन्म कारखान्यातला. काळ्यानिळ्या चकत्या काचेखाली बसवल्या, कडेनं चौकट ठोकली आणि आम्हा बहिणींना पुठ्ठ्यात गुंडाळून ट्रकमध्ये घातलं. वाटेत इतके हादरे बसले, की पोचेपर्यंत अंगाची काच शाबूत राहते की नाही याचीच मला धास्ती होती.

इथं आधी डिझेलचा जनरेटर होता. लाइट गेली की तो धडधडायचा आणि त्याच्या धुरानं बाळंतिणी खोकून हैराण व्हायच्या. डॉक्टर वैदेही एक दिवस वैतागल्या. म्हणाल्या, "डोक्यावर एवढं ऊन फुकट पडतंय आणि आपण धूर कसला खातोय?" त्यांनी जनरेटर काढून टाकला आणि आम्हाला आणलं. पहिल्या दिवशी नारळ फुटला, माझ्या काचेवर हळदीकुंकू लागलं. लोक मुद्दाम जिना चढून बघायला यायचे. मी ऊन घ्यायचे, ते तारेतून खाली जायचं, बॅटऱ्या भरायच्या आणि लाइट गेली तरी खोलीतला पंखासुद्धा थांबायचा नाही. काय तोरा होता माझा तेव्हा!

पण कौतुक नव्याचं असतं. शहर वाढत वाढत आमच्या अंगावर आलं. चहूकडं इमारती उठल्या, रस्ते खणले गेले आणि सगळी धूळ येऊन बसली माझ्यावर. त्यात पावसानं लागोपाठ दगा दिला. बोअर आटली, टँकर आला तर पाणी. प्यायलाच नाही तिथं प्लेटा कोण धुणार? मला ते कळत होतं. पण निदान कोरड्या फडक्यानं तरी पुसावं की नाही? गच्चीवर कुणी फिरकेना. मी आतल्या आत धुमसत होते, पण ऐकणार कोण?

त्या उन्हाळ्यात वैजापूरकडच्या एका वस्तीवरून बानाबाई तिच्या सुनेला घेऊन आली. बानाबाईचा जन्म मेंढरांमागं हिंडण्यात गेलेला. सुनेला मुलगी झाली, पण दिवस भरायच्या आधीच. एवढीशी पोर, तिला श्वास पुरेना. तिच्या नाकाशी नळी लावली आणि ऑक्सिजनचं यंत्र सुरू केलं. ते यंत्र विजेवर चालायचं. माझी तार खाली जाते ना, म्हणून खालचं सगळं मला कळतं.

बानाबाईला एका जागी बसवेना. ती सुकेशनी सिस्टरला म्हणाली, "बाई, नुसतं बसून जीव जातोय माझा. काय काम असंल तर सांगा."

त्याच सकाळी टँकर आला होता आणि तुंबलेलं सगळं धुणं एकदम निघालं होतं. हॉस्पिटलात कामाला असलेली आवडाबाई धूत होती, बानाबाई पिळून वर आणत होती. दोऱ्या भरल्या तरी बादली रिकामी होईना. तिनं माझ्या काचेला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. "आगं माय, तव्यावानी तापलंय की हे! इथं घडीत वाळतील." वस्तीवर ती गोधड्या घराच्या पत्र्यावर वाळत घालायची. तिला आम्हीही पत्रेच वाटलो. तिनं एकेक चादर झटकून आमच्या अंगावर पसरली.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला फार बरं वाटलं. ओला गारवा, धुळीपासून सुटका! पण मग अंधार झाला. वर सूर्य आग ओकत होता आणि माझ्या वाट्याला कवडसाही येत नव्हता. चादरी वाळून कडक झाल्या, पण काढायला कुणी आलं नाही. आवडाबाई वॉर्डात गुंतली होती आणि बानाबाई नातीच्या खोलीबाहेर जाऊन बसली होती.

तेवढ्यात रस्ता खणणाऱ्या यंत्रानं विजेची केबल तोडली. लाइट गेली. खाली कुणी घाबरलं नाही, कारण आम्ही होतो ना! बॅटऱ्या वीज देत राहिल्या. वरून मात्र काहीच येत नव्हतं. दुपार झाली आणि इन्व्हर्टर कोकलायला लागला.

"मॅडम, बॅटरी संपत आली!" सुकेशनी ओरडली.

"एवढं ऊन असताना? शक्यच नाही," डॉक्टर म्हणाल्या, आणि तेवढ्यात यंत्र बंद पडलं.

सुकेशनीनं नळी काढून सिलिंडरला जोडली. त्याचा काटा तळाला आला होता. नवा सिलिंडर आणणारी गाडी खणलेल्या रस्त्यात अडकली होती. पोरीचे ओठ निळसर दिसायला लागले. तिची आई भिंतीला धरून उभी राहिली. मला वरून किंचाळावंसं वाटत होतं, मित्रांनो. चादरी काढा! अरे, चादरी काढा! पण मला तोंड कुठलं?

डॉक्टरांनी आम्हाला बसवणाऱ्या रामकिसन मिस्त्रीला फोन लावला. त्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. "मॅडम, गच्चीवर माणूस पाठवा. प्लेटांवर काही पडलंय का बघा. ऊन झाकलं गेलं असणार."

"कुठल्या प्लेटा?" दारातून बानाबाईनं विचारलं.

"आजी, वर नाही का त्या काळ्या काचा? त्यांच्यावरच मशीन चालतं बाळाचं," सुकेशनी म्हणाली.

बानाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "आरं देवा, म्या काय केलं!" म्हणत ती धावली. पायात चप्पल नव्हती, स्लॅब भाजत होता, तिला शुद्ध नव्हती. तिनं ओरबाडून चादरी काढल्या, गच्चीभर फेकल्या, मग पदरानं माझी काच खसाखसा पुसायला लागली. ऊन माझ्यावर आदळलं. असं ऊन मी जन्मात प्यायले नव्हते! जेवढं होतं तेवढं सगळं मी खाली ढकललं. यंत्र घुरघुरलं, थांबलं, पुन्हा घुरघुरलं आणि चालू राहिलं. सुकेशनीनं नळी पुन्हा यंत्राला जोडली. हळूहळू पोरीच्या ओठांना रंग आला आणि ती कुरकुरत रडली. ते रडणं जिन्यातून वर आलं, तशी बानाबाई माझ्या चौकटीला धरून खाली बसली. तिच्या तळव्यांना फोड आले होते.

डॉक्टर वर आल्या. रागवायला आल्या होत्या, पण तिचे पाय बघून तिच्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, "आजी, चूक आमचीही आहे. या काचा कशासाठी आहेत, ते तुम्हाला सांगितलं कुणी?"

त्यानंतर बानाबाई रोज लंगडत वर यायची आणि ऊन चढायच्या आत कोरड्या फडक्यानं आम्हा सगळ्यांना पुसायची.

घरी जायच्या दिवशी ती नातीला घेऊन वर आली. पोर आता आपली आपण श्वास घेत होती. बानाबाई माझ्यासमोर उभी राहिली, म्हणाली, "हिला वळख, बाई. हिचा श्वास तूच हुतीस." तेवढ्यात तिला दिसलं, की तिची आणि पोरीची सावली माझ्या काचेवर पडली आहे. ती घाईनं चार पावलं मागं सरकली आणि पोरीला पदराखाली घेऊन तिथं उन्हात उभी राहिली.

मित्रांनो, उन्हात कुणी दिसलं की त्याच्यावर सावली धरावी, असं तुम्हाला घरी शिकवलं असेल. तसंच करा. माझ्यावर मात्र धरू नका. माझ्या वाट्याचं ऊन खाली कुणीतरी श्वासात घेत असतं.